खाकी चड्डी शाळेत आली कशी?

मेकॉलेच्या नावावर आपण बरंच काही खपवतो. त्यात शाळेचा गणवेशही खपून जातो. इंग्रज आले, त्यांनी शाळा काढल्या, पोरांचं धोतर सोडवलं आणि त्यांना चड्डी-शर्ट चढवून रांगेत उभं केलं, असं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्याच्या एखाद्या शाळेचा जुना ग्रुप फोटो पाहा. पगड्या दिसतील, पागोटी दिसतील, जरीच्या आणि काळ्या गोल टोप्या दिसतील. कुणी अंगरख्यात, कुणी धोतरावर लांब कोट चढवलेला, पारशी मुलगा त्याच्या डगलीत. एकसारखी दिसणारी मुलं त्यात शोधून सापडणार नाहीत.

इंग्रजी राज्यात देशी मुलांच्या बहुसंख्य शाळांना गणवेशच नव्हता. तो सगळीकडे पोचला तो स्वातंत्र्यानंतर, आपल्याच हातांनी. इंग्रजांचा त्यात वाटा आहे, पण वाकड्या वाटेनं आलेला. तो आला शिपाई आणि स्काउट यांच्यामार्फत. (मुलींच्या गणवेशाची कथा निराळी आणि बरीच गुंतागुंतीची आहे. हा लेख मुलांपुरता.)

इंग्रजी शाळांच्या आधी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात मुलं जमिनीवर बसायची आणि धुळपाटीवर अक्षरं गिरवायची. लहान पोरांच्या अंगावर लंगोटी किंवा छोटा पंचा, थंडीत बंडी आणि कानटोपी. थोडा मोठा झाला की धोतर आणि बाराबंदी. घरात जे घालायचं तेच शाळेत. शाळेसाठी वेगळे कपडे असतात ही कल्पनाच नव्हती.

मुंबईत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा निघाल्या, त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभं राहिलं. पुण्यात १८८०च्या १ जानेवारीला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. अभ्यास बदलला, बाकं आली, फळा आला, घड्याळाचा तास आला, पण मुलगा यायचा तो घरच्याच वेशात. फार तर वर एक कोट चढला. वरून कोट, खालून धोतर, डोक्यावर पगडी आणि पायात पुणेरी जोडा हा आपल्याला आज गमतीचा वाटणारा वेश त्या काळी पुढारलेला आणि अदबशीर मानला जायचा. डोकं मात्र झाकलेलंच हवं. उघड्या डोक्यानं हिंडणं म्हणजे घरात सुतक असल्याची खूण, त्यामुळे बोडक्या डोक्यानं वर्गात येणारा मुलगा गुरुजींना चालायचा नाही. आणि डोक्यावर काय आहे त्यावरून माणूस कळायचा. भाटियाची पगडी वेगळी, प्रभूंची वेगळी, पुणेरी ब्राह्मणाची वेगळी, पारशाची तर लांबूनच ओळखू येणारी. हजेरी न घेता नुसत्या पगड्या मोजल्या तरी वर्गात कोणत्या जातीची किती मुलं आहेत ते सांगता आलं असतं.

मग सरकारनं हे सगळं एका रंगात का आणलं नाही? एक कारण वेल्लोरला सापडतं. १८०६मध्ये मद्रासच्या सैन्यात देशी शिपायांसाठी नव्या धर्तीचं शिरस्त्राण आलं. त्यावर चामड्याचा तुरा होता. शिवाय कपाळावरचं गंध पुसा, दाढी काढा, असे हुकूम निघाले. १० जुलैच्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला. तो चिरडला गेला, पण देशी माणसाच्या डोक्यावरच्या वस्तूला हात लावताना दहादा विचार करायचा, हा धडा कंपनीला मिळाला. १८५७ नंतर ही भीती आणखी वाढली. १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यात तर रयतेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचनच दिलेलं होतं. शाळेत मुलं आधीच कमी, त्यात मिशनऱ्यांची शाळा म्हटली की आई-बापांना पोर बाटण्याची धास्ती. अशा वेळी टोपी बदला म्हणणारा हेडमास्तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या वर्गापुढे उभा राहिला असता.

दुसरं कारण जरा टोचणारं आहे. साहेबाला देशी माणूस साहेबासारखा दिसायला नकोच होता. कचेरीत किंवा दरबारात जाताना देशी माणसानं जोडे बाहेर काढायचे असा दंडक होता. १८५४मध्ये सरकारनं सवलत दिली, की ज्यांनी विलायती बूट-मोजे घातले असतील त्यांनी ते पायात ठेवले तरी चालेल. देशी जोडा मात्र बाहेरच. म्हणजे कपड्यांवरून माणसाची पायरी ठरवणं दोन्ही बाजूंनी चालू होतं, आणि ही पायरी पुसणारा सारखा वेश देण्याची राज्यकर्त्यांना काही गरज नव्हती.

शिवाय तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये तरी सगळी पोरं कुठे गणवेशात होती? तिथं गणवेशाची सुरुवात झाली ती धर्मादाय शाळांतून. लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या सोळाव्या शतकातल्या शाळेत गरीब, पोरक्या मुलांना लांब निळे कोट मिळायचे. निळा रंग स्वस्त होता आणि दानावर वाढणारं पोर ओळखू यावं हाही हेतू होता. पुढे एकोणिसाव्या शतकात ईटन, हॅरो अशा श्रीमंतांच्या शाळांनी आपापले कोट-टोप्या ठरवल्या, तेव्हा तोच गणवेश मानाचा झाला. मधल्या साध्या शाळांमधली कामगारांची मुलं मात्र घरच्या कपड्यांतच जायची. जी गोष्ट मँचेस्टरच्या मजुराच्या पोराला नव्हती ती साताऱ्याच्या पोराला कोण देणार?

अपवाद होते. गोऱ्या सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी १८४७ला शिमल्याजवळ सनावरला काढलेलं लॉरेन्स असायलम हा त्यातला ठळक. तिथली सगळी घडण पलटणीची होती, १८५३मध्ये तर शाळेला लष्करी निशाण मिळालं. मुंबई-पुण्यातल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांच्या शाळा, मिशनच्या कॉन्व्हेंट शाळा यांनी विलायती वळणाचे कोट, टाय, टोप्या आणल्या. दमट हवेत गळ्याला टाय बांधण्याची आपली हौस तिथून आलेली. राजपुत्रांसाठी राजकोटला राजकुमार कॉलेज आणि अजमेरला मेयो कॉलेज निघालं, तिथं नेमकं उलटं. मेयोत समारंभाला अचकन आणि साफा. राजाचा मुलगा क्रिकेट इंग्रजांसारखं खेळो, पण दिसावा राजाच, असं त्यातलं गणित असावं.

घरच्या कपड्यांत शाळेत जाणं हे ऐकायला मोकळं, छान वाटतं. पण ज्या समाजात जात कपड्यांत शिवलेली होती तिथं त्याचा अर्थ फार वेगळा होता. डॉ. आंबेडकरांनी लहानपणची एक आठवण लिहून ठेवली आहे. साल १९०१. वडील नोकरीनिमित्त दूरगावी होते आणि सुटीत मुलांना त्यांच्याकडे जायचं होतं. भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं असे साताऱ्याहून निघाले. प्रवासासाठी खास खरेदी झाली होती. विलायती घाटाचे सदरे, चमकणाऱ्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर उतरले तर घ्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशन मास्तरनं आस्थेनं चौकशी केली. कपडे आणि बोलणं पाहून त्याला ही ब्राह्मणांचीच मुलं वाटली. मुलांनी सरळपणे महार असल्याचं सांगितलं आणि त्याचा चेहराच बदलला. मग गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि बैलगाडी स्वतः हाकायच्या अटीवर मुलं निघाली. सगळ्यांत वाईट म्हणजे रस्ताभर प्यायला पाणी मिळालं नाही.

त्या स्टेशनवर काही मिनिटं त्या कपड्यांनी जात झाकली होती. याच मुलाला साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं आणि ते रोज परत आणावं लागायचं. गणवेशाच्या बाजूनं पुढे जो युक्तिवाद उभा राहिला, की एकसारख्या कपड्यांत सगळी मुलं सारखी दिसतील, त्याचं मूळ कुठल्याही विलायती शाळेत शोधण्यापेक्षा अशा ठिकाणी शोधावं असं मला वाटतं.

मधल्या काळात मुलांचे कपडे राजकारणात ओढले गेले. १९०५च्या दसऱ्याला पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. त्यात पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजात शिकणाऱ्या विनायक सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. १९२० नंतर असहकाराच्या लाटेत राष्ट्रीय शाळा निघाल्या आणि खादीची पांढरी टोपी आली. ही टोपी मोठी धूर्त वस्तू होती. स्वस्त, कुणालाही शिवता येणारी, आणि पहिल्यांदाच अशी की जिच्यावरून जात कळत नव्हती. पगड्यांचा सगळा पसारा तिनं एका फटक्यात जुना करून टाकला. सरकारला ती इतकी खुपली की मे १९३०मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला तेव्हा नुसती गांधी टोपी घालणं हाही गुन्हा ठरला. तीच टोपी पुढे खेड्यापाड्यांतल्या शाळांत सक्तीची झाली हे विशेष.

आता खाकी. हिचा जन्मच इथला. १८४६च्या सुमारास पेशावरकडे हॅरी लम्सडेननं कोअर ऑफ गाइड्स ही पलटण उभी केली आणि डोंगराळ, धुळकट मुलखात लाल डगला लांबून दिसतो म्हणून मातकट कपडे दिले. १८५७च्या धामधुमीत तर गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, कॉफी, चिखल, शाई, हाताला लागेल त्यात बुडवून रंगवले. पक्का खाकी रंग काढण्याचं श्रेय मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकामशाळेतल्या जॉन हॅलर यांना दिलं जातं. शतक संपेपर्यंत परदेशातल्या मोहिमांसाठी ब्रिटिश सैन्याचा रंग हाच झाला. उन्हाळी मुलखांतल्या पलटणींत गुडघ्यापर्यंतची चड्डीही रुळली.

आणि तिथून ती मुलांच्या अंगावर आली ती बेडन-पॉवेल यांच्यामुळे. हा गृहस्थ १८७६मध्ये लखनौला पलटणीत दाखल झालेला, हिंदुस्थान आणि आफ्रिकेत आयुष्य काढलेला. १९०७ला त्यांनी इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं आणि बालवीर चळवळ सुरू झाली. अर्धी चड्डी, मोठ्या खिशांचा शर्ट, गळ्यात स्कार्फ. त्या आधी गुडघे उघडे टाकून शाळेत जाणं इंग्लंडमध्येही फारसं रुळलेलं नव्हतं. नंतर ते मुलगेपणाचं लक्षणच ठरलं.

हिंदुस्थानात स्काउटिंग १९०९ला बंगळूरला सुरू झालं, पण फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी पोरांना कवायत, नकाशे, खाणाखुणा, माग काढणं शिकवायचं म्हणजे उद्याचे क्रांतिकारक घरबसल्या तयार करायचे, अशी सरकारला धाकधूक. ती अगदीच खोटी होती असंही नाही. मग १९१६मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांची वेगळी संघटना काढली. त्यांच्या मुलांच्या डोक्यावर हॅटऐवजी फेटा होता. १९१८मध्ये अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचं स्काउट पथक सुरू केलं. १९२१ला बेडन-पॉवेल स्वतः आले आणि दारं उघडली गेली.

यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत खाकी अर्धी चड्डी हा देशभरच्या शिस्तप्रिय तरुणाईचा वेश झाला. १९२५ला नागपुरात सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची खाकी चड्डी सगळ्यांत जास्त दिवस टिकली, ती २०१६च्या दसऱ्याला बदलून तपकिरी फुल पँट झाली. पण त्या काळात आखाडे, व्यायामशाळा, स्वयंसेवकांची पथकं, कुठल्याही विचाराची असोत, कवायतीला उभी राहायची ती बहुतेक अशाच वेशात. ज्या सैन्याशी झगडायचं त्याचेच कपडे घालून झगडायची तयारी चालली होती, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नव्हती.

म्हणून स्वातंत्र्यानंतर शाळांनी मुलांचा वेश ठरवायला घेतला तेव्हा तो नव्यानं शोधावा लागला नाही. १९४८ला एनसीसी (नॅशनल कॅडेट कोअर) आली, १९५०च्या दशकात हायस्कुलांत एसीसी (ऑक्झिलरी कॅडेट कोअर) आली, १९५०ला भारत स्काउट्स अँड गाइड्स एकत्र झालं. खाकी चड्डी, पांढरा सदरा आणि ग्रामीण भागात वर पांढरी टोपी. या जोडणीत पलटण, खादी आणि गिरणी तिन्ही एकत्र बसल्या होत्या.

यातला गिरणीचा भाग दुर्लक्षित राहतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. हजारो गावांत एकाच रंगाची चड्डी घालायची तर तसं कापड तालुक्याच्या दुकानात बारमाही, स्वस्त आणि एकाच छटेत मिळायला हवं. खाकी ड्रिल हे कापड गिरण्या सैन्यासाठी, पोलिसांसाठी, पोस्टमनसाठी आधीपासून काढत होत्याच. ड्रिलची वीण तिरकी आणि घट्ट असते. घसरगुंडीवरून घसरा, दगडी ओट्यावर बसा, ते लवकर विरत नाही, आणि मळ दाखवत नाही. शिवाय १९६४पासून सरकारनं गिरण्यांना काही कापड ठरलेल्या स्वस्त भावानं काढायला लावलं. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे त्यातले प्रकार. मागच्या पिढीला ‘कंट्रोलचं कापड’ आठवत असेल ते हेच. पांढऱ्या सदऱ्याला लाँगक्लॉथ किंवा मांजरपाट आणि चड्डीला ड्रिल. शाळेचा गणवेश जणू त्या यादीवरूनच उचलला होता.

अर्धीच चड्डी का, याचं उत्तरही बरंचसं कापडातच आहे. लांब पँटपेक्षा निम्मं कापड लागतं, आणि पोरगं सहा महिन्यांत चार बोटं वाढलं तरी चड्डीची उंची फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. जून उजाडला की शिंप्याला आईची सूचना ठरलेली असायची, “वाढत्या अंगाचं शिवा.” त्यामुळे पहिलीतला मुलगा तिसरीच्या मापाच्या चड्डीत वावरायचा. तळाला चांगली रुंद दुमड ठेवलेली असे. दोन वर्षांनी ती उसवली की खाली गडद खाकीचा एक पट्टा दिसायचा, कारण वरचं कापड उन्हानं आणि धुण्यानं फिकं पडलेलं. बसायच्या जागी दोन गोल ठिगळं पडायची. मग ती चड्डी धाकट्याकडे. शनिवारी सकाळच्या शाळेला कवायत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सदऱ्याला नीळ, आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री. निखारे नसतील तर घडी घालून गादीखाली. एकच जोड असलेल्या घरांत तो रात्री धुवून सकाळी दमटच अंगात घालणं काही नवलाचं नव्हतं.

आठवीत फुल पँट मिळायची. बऱ्याच शाळांचा तसा नियमच होता, आणि मुलांच्या लेखी तो मुंजीपेक्षा मोठा संस्कार होता. मिसरूड फुटलेला पण सातवीत अडकलेला, उघड्या गुडघ्यांचा मुलगा वर्गात कसा बसत असेल, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही.

सत्तरच्या दशकात टेरिकॉट आलं. ते चुरगळत नव्हतं, रात्रीत वाळत होतं आणि रंगांना तोटा नव्हता. निळी, करडी, तपकिरी अशा चड्ड्या आल्या. नव्वदनंतर इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा वाढल्या तशी चौकटी, पट्टे, टाय, कमरपट्ट्यावर शाळेचं चिन्ह, बुधवारचा वेगळा आणि पीटीचा वेगळा गणवेश असा खर्च सुरू झाला. इथे गणवेशाचं काम उलटं झालं. सगळे सारखे दिसावेत म्हणून आलेली वस्तू आता कोण कुठल्या शाळेत जातो, म्हणजे फी किती भरतो, हे रिक्षाच्या रांगेतच सांगू लागली. ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती करू नका, असे आदेश शिक्षण खातं अधूनमधून काढतं. पालकांना ते दुकान तोंडपाठ असतं.

सरकारी शाळांमध्ये वेगळाच पेच झाला. सर्व शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मोफत मिळू लागले. आधी दोन जोडांना ४०० रुपये, २०१८ला समग्र शिक्षा आली तेव्हा ६००. पण पात्रतेची यादी अशी होती : सगळ्या मुली, आणि मुलग्यांमध्ये फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालचे. म्हणजे एकाच बाकावरच्या दोन मुलग्यांपैकी एकाला गणवेश मिळायचा आणि शेजारचा, त्याचा बापही रोजंदारीवरच असला तरी, यादीबाहेर. जूनमध्ये गणवेश वाटताना वर्गात नावं वाचली जायची, तेव्हा कुणाची जात कोणती हे सगळ्यांना कळायचं. जात दिसू नये म्हणून ज्याचा आग्रह धरला त्या वस्तूचं वाटपच जात सांगत होतं. महाराष्ट्रात उरलेल्या मुलग्यांना राज्याच्या पैशातून गणवेश द्यायचा निर्णय व्हायला २०२३ उजाडलं.

त्याच सुमारास ‘एक राज्य एक गणवेश’ ही योजना आली. मुलग्यांना आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, दुसरा जोड स्काउट-गाइडचा. कापड राज्य पातळीवर खरेदी करायचं आणि शिवून घ्यायचं महिला बचत गटांकडून. २०२४-२५च्या वर्षात ती राबवली तेव्हा कित्येक शाळांत सत्र निम्मं सरलं तरी गणवेश पोचले नव्हते. जे पोचले त्यांत कुणाची बाही कोपरावर, कुणाची पँट कमरेत मावेना. लाखो मुलांची मापं एका कार्यालयातून घेता येत नाहीत, हे गावातल्या कुठल्याही शिंप्यानं सांगितलं असतं. डिसेंबर २०२४मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि २०२५-२६पासून कापडाची निवड, रंग आणि शिलाई हे सगळं पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं.